उपरण्याखालचा भाव

ज्या व्यवहाराचा आकडा उघड्या तोंडाने उच्चारता येत नाही तो देवाला मान्य नसतो, असे मी आयुष्यभर मानत आलो. त्यामुळे त्या दिवशीचा माझा संताप अनाठायी होता, असे मी आजही म्हणणार नाही. पुढे जे झाले ते ऐका, आणि दोष कोणाचा ते तुम्हीच ठरवा.

निमित्त साधे होते. माझी धाकटी बहीण जाईबाई सणसवाडीला राहते. तिचा मुलगा महेंद्र याने कंपनीतल्या कामगारांना भाड्याने द्यायला खोल्या बांधायचे काढले, त्यासाठी गोठा पाडला, आणि आईला न विचारता तिची तांबू गाय एका व्यापाऱ्याला देऊन टाकली. जिच्या दुधावाचून त्या घरातल्या विठोबाला कधी नैवेद्य झाला नाही, ती गाय! जाईबाईने अन्न सोडले. तिसऱ्या दिवशी मी तिच्या ओठांना पाण्याचा चमचा लावला, तर तिने तोंड फिरवले. भाच्याला बोलायचे ते बोललो, व्यापाऱ्याचे नाव आणि बाजार विचारून घेतला, वाटखर्च सोडून होते नव्हते ते चाळीस हजार कनवटीला बांधले आणि दौंडकडच्या एसटीत बसलो.

पाटसच्या अलीकडे, उघड्या माळावर तो जनावरांचा बाजार भरतो. भर दुपार होती. शेणाचा, डिझेलचा आणि कुठून तरी येणाऱ्या मळीचा आंबूस वास उन्हात एकजीव झाला होता. गाय न्यायची तर दावे हवे, म्हणून वाटेत एका बाईच्या पालापाशी थांबलो.

"कितीला?"

"दीडशे."

"शंभर देईन."

"आबा, गळ्यात तुळशीची माळ, आन् गरिबाचा भाव पाडताय व्हय? वर इठ्ठल बघतोय!"

"तो बघतो म्हणूनच शंभर म्हटले."

ती खळखळून हसली आणि सव्वाशेला जमले. चार माणसांदेखत, उन्हात, तोंडाने झालेला हा सौदा. व्यवहार असा असावा.

व्यापारी संपत लिंबाखाली उकिडवा बसला होता. शेजारच्या खुंट्याला तांबू. तिने मला ओळखले आणि हंबरडा फोडला. संपतने मात्र मान वर केली नाही. त्याचा उजवा हात पुढे केलेला होता आणि त्यावर मळकट उपरणे पसरले होते. जनावरांच्या बाजारातली ही जुनी रीत तुम्हाला ठाऊक असेल. शंभर, हजार की दहा हजार, ते आधी तोंडाने म्हणायचे, आणि मग कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगायचा. पण संपतच्या समोर कोणीच नव्हते.

"ही माझ्या बहिणीची गाय आहे. भाव सांग."

"जरा दम धरा, आबा. पयला सौदा चाललाय."

"कोणाशी?"

त्याने आवाज खाली आणला. "बापाशी... गेणबा व्यापारी. ह्याच खुट्यापाशी गेला. जीव गेला तवा हात उपरण्याखालीच व्हता. तवापास्नं दर बाजाराला पयला सौदा त्येचा. त्यो मागतो, म्या कमी देतो, सौदा मोडतो... मग त्यो जातो. मोडावाच लागतो, आबा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंत गिऱ्हाइकाला घाबरवून भाव चढवायला हा मेलेला व्यापारी उभा केलेला! तिकडे एक बाई अन्नावाचून पडली आहे, आणि इकडे हा स्वतःच्या बापाच्या नावाने सोंग करतो आहे.

"विठोबाची आण," मी म्हणालो, "आता माझ्याशीच कर सौदा." आणि हात उपरण्याखाली घातला.

विंचू डसावा तसा संपतने आपला हात ओढला. तो उठला, चार पावले मागे सरला, आणि त्याने दोन्ही हात जोडले. दोन्ही मला दिसत होते.

उपरणे मात्र खाली पडले नाही. ते दोन मनगटांवर ताणलेले राहिले. त्यांतले एक माझे होते.

बाजाराचा गलका कुठे गेला कळेना. जनावरांची घुंगरे थांबली. कापडाखालचा हात रांजणाच्या तळासारखा गार होता, दाव्याने घट्टे पडलेला, आणि त्याच्या पहिल्या बोटाला वरचे पेर नव्हते. त्याने माझी पाची बोटे दाबली, मग दोन. सात. सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही आधी आला तो रागच. म्हाताऱ्या गाईचे सात? मी तीन दाबली. पुन्हा सात. मग मी चार दाबली... माझ्यापाशी होते तेवढेच.

तो हात थांबला. मग माझे एकेक बोट त्याने सावकाश चाचपले, जनावराचे दात पाहावेत तसे. चारही. आणि सोडले. उपरणे धुळीत पडले.

"मोडला ना?" संपतने विचारले.

"जमला. चार."

"चार काय, आबा?... आधी तोंडानं काय म्हणला व्हता? हजार? धा हजार?"

मी काहीच म्हटले नव्हते. संतापाच्या भरात मी विठोबाचे नाव तेवढे घेतले होते.

पैशांची पुरचुंडी पुढे केली, तर तो आणखी मागे सरला. "मला नगा देऊ. सौदा माझ्यासंगं न्हाई झाला. गाय घ्या आन् जावा... जावा, आबा."

मी भर बाजारात ओरडलो, की भाव उघड सांगा, मी लबाडीची गाय नेणार नाही. एकाही व्यापाऱ्याने मान वर केली नाही.

मी टेम्पोने तांबूला वडगाव रासाईला माझ्या घरी आणले आणि जाईबाईलाही तिथेच बोलावून घेतले. तिने गाईच्या गळ्यात पडून रडून घेतले आणि त्या रात्री दूध-भाकरी खाल्ली. ते चाळीस हजार मी देवापुढे ठेवले आहेत. रोज आरतीनंतर गेणबाला मोठ्याने सांगतो, हा घे भाव, आणि वाटेला लाग. पुरचुंडीची गाठ कोणी सोडलेली नाही.

परवा पहाटे जाईबाई धार काढून आली ती हसत.

"दादा, कासेला हात लावला का पलीकडनं कुणीतरी बोट धरतंय बगा. काल एक धरलं, आज दोन. लई गार हाय, पर राग न्हाई त्यात. म्या वरनं पदर झाकते, उगं उघड्यावर नगं."

"उद्यापासून धार मी काढीन," मी म्हणालो.

पण तांबूने मला जवळ येऊ दिले नाही. काल नाही, आज नाही. आज पहाटे जाईबाई चरवी डाव्या हातात घेऊन आली. उजवा पदराखाली होता.

"हात दाखव," मी म्हणालो.

तिने शांतपणे मान हलवली.

"कसा दाखवू, दादा? आज चार बोटं झाली. त्यानं आजून सोडला न्हाई."