धुतलेला पोंचो

कोणाला खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू दे. हे ज्याच्या अंगावरून गेलं तो कोबी माझा सख्खा धाकटा भाऊ, आणि त्याला थापा मारता येत नाहीत. मारल्या तर कान लाल होतात.

जागा टुलीजवळचं रान. फेब्रुवारी महिना, म्हणजे तिकडे ऐन पावसाळा, फौजेच्या जंगल-प्रशिक्षणाचे दिवस. टुलीचा पाऊस थांबला तरच माणसं दचकतात.

कोबीचा स्वतःचा पोंचो, म्हणजे पावसात अंगावर घ्यायचं फौजी मेणकापड, त्याच्याच आळसापायी गेला होता. मागच्या सरावानंतर त्यानं तो ओलाच गुंडाळून पेटीत कोंबला. उघडला तेव्हा आतला थर चिकट होऊन सोलून निघत होता आणि वर काळी बुरशी. कोठीवाल्या व्हिन्सनं तो चिमटीत धरला.

"लाज वाटते का रे? कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. मशीन नाही, इस्त्री नाही. सावलीत टांगायचा, पुरता वाळला की मग घडी. एवढं जमत नाही तुला?"

मग मागच्या फळीवरून दुसरा काढला.

"हा बघ. मी स्वतःच्या हातानं धुतलाय. नव्यासारखा!"

खरंच नव्यासारखा होता. फक्त वास...

साबणाच्या वासाखाली आणखी एक वास होता. डब्यात विसरलेल्या मटणासारखा, गोडसर.

रानात दोघांचे पोंचो बटणांनी जोडून एक आडोसा करतात. कोबीचा जोडीदार डग, मेंढ्यांच्या फार्मवरचा, फाटक्या तोंडाचा.

"लेका, पाय धुतोस का कधी?"

"मी नाही रे, हा पोंचो घाण मारतोय."

"मग पोंचोचे पाय धू."

दोघं हसले. पण डगची बाजू आतून कोरडी होती आणि कोबीची...

घामेजली होती. कोबीनं फडक्यानं पुसलं. पुन्हा ओल आली. पावसाचं पाणी गार असतं, हे कोमट होतं.

बोट लावलं तर तार सुटली. कोबीनं बोट पँटला घासून पुसलं.

त्या ओलीला आकार होता. डोकं. खांदे. दोन पाय.

पहाटे डग झोपेत करवादला, "सरक ना कोबी! किती चिकटतोस?"

कोबी तेव्हा बाहेर पहाऱ्यावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी ओढ्यातल्या दगडांवर डग घसरला. नडगी मोडली आणि अंगाखालचा त्याचा पोंचो फाटून चिंध्या झाला. पाणी चढत होतं. सोबत एकटे कॉर्पोरल हेस्केथ, आणि त्यांचा पोंचो तळावर ताणलेला.

"दोन काठ्या तोड, तुझा पोंचो काढ. झोळी करू."

डगनं कोबीचं मनगट धरलं. "त्यात नको. काहीही कर, पण त्यात नको. रात्री कोणीतरी माझ्या पाठीशी झोपलं होतं, कोबी... तू नव्हतास ना तो?"

कोबीनं ओढ्याकडे पाहिलं. आणखी थोडा उशीर केला असता तर ओढा ओलांडायची जागाच बुडाली असती आणि डग तिथंच राहिला असता. त्यानं पोंचो पसरला.

उचलताना हेस्केथसारख्या रेड्याच्याही तोंडाला फेस आला.

"पोरगा दगड गिळून आलाय का?"

डग ओरडायचा थांबला. नुसता डोळे मिटून पडला.

चढावर हेस्केथ वर आणि कोबी खाली. झोळीची खालची बाजू त्याच्या तोंडासमोर आली. कापडातून टाचा उमटल्या होत्या...

चार.

कोबीनं झोळी सोडली नाही. एवढ्यासाठी तरी माझ्या भावाला मानलं पाहिजे. डग वाचला.

परतल्यावर कोबीनं व्हिन्सची कॉलर धरली. व्हिन्सनं सांगून टाकलं.

"डोंगरात एक पोरगा हरवला होता. फार उशिरा सापडला. यातच गुंडाळून आणला. तसला पोंचो जाळायचा असतो, मला काय ठाऊक नाही? पण एक भोक नव्हतं रे त्याला! चांगली वस्तू जाळवेना. धुतला की, पुन्हा पुन्हा धुतला."

कोबी तिथंच, काउंटरवर ओकला. मग पोंचो कोठीमागं नेऊन राख होईपर्यंत जाळला. प्रकरण संपलं असं सगळ्यांना वाटलं.

डगनं फौज सोडली. आता तो लाँगरीचला राहतो, जिथं लोक पावसाची वाट बघत म्हातारे होतात. गेल्या नाताळात आमच्याकडे जेवायला आला होता. आमच्याकडचा नाताळ ऐन उन्हाळ्यातला; भर दुपार, रणरणतं ऊन. हॅम खाल्लं, बिअर प्यायला, मला "ताई, तुझा नवरा अजून पळाला नाही?" असं चिडवलंही. पण खुर्चीला पाठ टेकेना. शेवटी मीच आग्रहानं पाठीशी उशी दिली.

तो गेल्यावर उशी उचलली.

ओली... आणि कोमट.

इतकी किळस मला आयुष्यात आली नव्हती. साधा साबण घेतला, घासघास घासली, सावलीत टांगली. संध्याकाळी कोबीला फोन केला. सगळं सांगितलं.

"धुऊ नकोस ती. जाळ."

"अरे, धुतलीसुद्धा," मी म्हटलं. "अगदी नव्यासारखी झालीय."

आज ईस्टर आलाय. उशी अजून दोरीवर आहे. वाळत नाही... आणि काल रात्रीपासून माझी पाठ ओली लागतेय.