शीम न सांगितलेलं गाऱ्हाणं

लोकांच्या वेबसाइटी, हिशेब, फोटो ज्या मशिनांत राहतात ती मशिनं आपण भाड्याने देतो आणि कधी बंद पडू देत नाही, असं प्राजक्ता वेंगुर्ल्यात सगळ्यांना समजावून सांगे. "म्हणजे लॉजच की गो," असा एका मावशीने निकाल लावला होता. प्राजक्तालाही ते पटलं.

हे लॉज एका बंद पडलेल्या काजू कारखान्यात होतं. भाजणीच्या खोलीत आता मशिनांची उंच लोखंडी कपाटं उभी होती, आणि एसीच्या गारव्यातही भिंतींना टरफलांच्या तेलाचा उग्र वास होता. धुळीशी मशिनांचं हाडवैर, म्हणून पायताण बाहेर काढायचं हा कडक नियम. जागेचे मालक बाबूकाका तो देवळातल्यासारखा पाळत.

पावसाळा सरता सरता मधल्या कपाटातली मशिनं आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागली. त्यांच्यावर कणकवलीच्या एका डायलिसिस केंद्राचं काम होतं. "पेशंट खुर्चीत असतो आणि त्याची माहिती पडद्यावरून गायब होते," डॉक्टर अनुजा फोनवर म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे जावं लागेल." त्या गेल्या की धंदा बंद, आणि पुन्हा पुण्याची नोकरी.

तिने मशीन बदललं, वायरी बदलल्या, विजेची जोडणी बदलली. बिघाड मशिनाबरोबर हलेना, जागेलाच चिकटून राहिला. मग भीती मागे पडून तिचं कुतूहल जागं झालं. हात पुढे करून ती खोलीभर फिरली, तेव्हा दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत हवेचा एक ऊबदार पट्टा लागला. उघड्या कातळावर दुपारी लागते तशी ऊब. पट्ट्याच्या एक पाऊल बाजूला अंगावर काटा येईल इतका गारवा होता. ती कितीतरी वेळ हात आत-बाहेर करत राहिली.

"त्या भिंतीत आधी दार होता," बाबूकाका म्हणाले. "राखणदाराची वाट ती. तू कपाटां आडवी घातलंस."

राखणदार म्हणजे जागेची शीम, म्हणजे हद्द, सांभाळणारा. तो रोज हद्दीवरून फेरी मारतो, म्हणून दर वर्षी आवारातल्या वडाखाली त्याच्यासाठी नव्या चामड्याच्या वहाणा ठेवायच्या. जुन्या वहाणा काकांनी दाखवल्या. तळ झिजून पापुद्रा झालेला, डावी टाच बाहेरच्या अंगाने जास्त घासलेली.

"काका, तुमीच घालून फिरत असतलास," प्राजक्ताने चिडवलं.

काकांनी वहाणेत पाय सरकवला. मागे चार बोटं चामडं उरलं.

इंजिनिअरला उपाय करून बघायची लाज कसली, असं स्वतःला बजावत तिने कपाटं सरकवली आणि भिंतीतलं दार मोकळं करून घेतलं. काकांनी वडाखाली त्याच मापाच्या नव्या वहाणा ठेवल्या, हातात नारळ धरला आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घालायचं साकडं, सुरू केलं. "बा राखणदारा, ह्या लेकरान जो धंदो मांडल्यान, तो ह्या शीमेच्या आत..."

"माझी मशिनां जंय जंय आसत, थंय थंय राख," प्राजक्ता मध्येच म्हणाली.

काकांचा हात थांबला. "तसा नाय म्हणूचा गो. शीम सांगूची लागता."

"आमच्या धंद्याक शीम नसता, काका. हयच्या सगळ्याची नक्कल पुण्यात ठेवलेली आसा."

"बोललंस ता बोललंस." त्यांनी नारळ फोडला. 'व्हय महाराजा' म्हणायला दुसरं कोणी नव्हतं. तेही त्यांनीच म्हटलं.

त्यानंतर मशिनं बंद पडली नाहीत. प्राजक्ताने गुपचूप त्या वहाणांच्या तळाला पेन्सिलीची रेघ ओढली. चार दिवसांत ती पुसली गेली. पुन्हा ओढली, पुन्हा गेली. तिने वडाकडे कॅमेरा लावला, तर त्यात वहाणा जागच्या हलतही नव्हत्या. तिला त्या खेळाची गोडीच लागली.

दिवाळीनंतर मात्र रेघ तशीच राहिली.

त्याच सुमारास पुण्याहून यज्ञेशचा फोन आला. तिथलं तिचं भाड्याचं कपाट तोच बघायचा. "मॅडम, आमच्याकडे आग लागली. तुमच्या दोन्ही बाजूंची कपाटं जळाली, तुमचं तेवढं वाचलं." तो घुटमळला. "आणि त्याच्याभोवती रोज लाल माती सापडतेय. पुसली तरी येते. इथे खिडकीसुद्धा नाही हो."

डॉक्टर अनुजांचं काम टिकलं. पण इकडे कधी न येणारी रानडुकरं हद्दीचा दगडी गडगा पाडून आत आली. काकांच्या उंबऱ्यावर विषारी फुरसं निघालं.

"आमची शीम आता कोण राखतलो?" काकांनी एकदाच विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून प्राजक्ताला जास्त लागलं.

"मागे बोलवूया तेका?"

"गाऱ्हाणा तू घातलंस. तुकाच परत घालूचा लागतला."

तिला पुण्यातली जळालेली कपाटं आठवली. खुर्चीतले पेशंट आठवले. "बघूया, काका," ती म्हणाली आणि स्वतःचीच लाज वाटून आत निघून गेली.

ते बघणं लांबत गेलं.

एका संध्याकाळी ती पायरीवर चहा पीत बसली होती. गडग्याच्या कडेने कोणीतरी येत होतं, डावा पाय जरा बाहेर टाकत. करकर वाजत होतं.

वडाखाली वहाणा नव्हत्या.

"काका?"

बाबूकाकांनी मान वर केली नाही. ते तिच्या अगदी जवळून गेले. भर दुपारच्या कातळाची ऊब तिच्या गालाला लागली.

तिची नजर त्यांच्या पायांतल्या वहाणांकडे गेली. टाचेमागे बोटभरही चामडं उरलं नव्हतं.