सुट्टीनंतरची पहिली काचपट्टी

मी दार ढकललं आणि नेमकं त्याच क्षणी आतून कुणीतरी ओढलं... मी थेट त्याच्या खांद्यावर! हातातून निसटलेला काचपट्ट्यांचा डबा त्यानेच वरच्यावर झेलला.

"फुटल्या असत्या म्हणजे?" मी धापा टाकत विचारलं.

"पहिल्याच दिवशी दोघंही घरी!"

तो नवा मोजणारा होता. आमचं काम सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजण्याचं. एकच काचपट्टी दोघांनी वेगवेगळी मोजायची, आकडा एकमेकांना सांगायचा नाही. डोळे शिणतात म्हणून पंचवीस मिनिटं मोजणी, मग गजर, मग पाच मिनिटं सुट्टी. आकडे जुळले नाहीत तर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई एकाला काढणार होत्या. घरात कमावणारी मी एकटीच, त्यामुळे काम जाऊन चालणार नव्हतं.

गजर मी लावायचे, म्हणून तो मला 'गजर' म्हणू लागला. तो उंच, वाकून बसणारा... माझा 'बगळा'.

"गजर, डोळे का लाल?"

"परागकणांमुळे."

"ते तर काचेखाली आहेत."

"बगळ्याने मासे बघावेत, माझे डोळे नाही."

त्याचे कान लाल व्हायचे. मला ते फार आवडायचं आणि तितकीच भीतीही वाटायची. सुट्टी संपायची, छातीतली धडधड मात्र चालूच... आणि समोर पुढची काचपट्टी.

शुक्रवारी बाईंनी दोघांना बोलावलं. टेबलावर आकड्यांचा तक्ता होता.

"बाकी सगळं जुळतंय," त्या म्हणाल्या. "फक्त प्रत्येक सुट्टीनंतरची पहिली काचपट्टी जुळत नाही. कोण चुकतंय?"

गप्प राहिले असते, तर नवा म्हणून तोच गेला असता.

"मी, बाई," तो म्हणाला.

"खोटं!" मी जवळजवळ ओरडलेच. "चुकते मी. हा सुट्टीत जे बोलतो, तेच डोक्यात फिरत राहतं. एकशे वीसवरून मी पुन्हा शंभरवर येते..."

काम गेलं, आता हा हसणार —

तो हसला नाही. "मी तर आकडाच विसरतो," तो हळूच म्हणाला. "मग अंदाजे लिहितो."

"अंदाजे?" बाई आणि मी एकदमच किंचाळलो.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "दोघंही राहा. त्या सगळ्या पट्ट्या पुन्हा मोजा. आणि सोमवारपासून सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी!"

जिन्यात त्याने माझा हात धरला.

"केवढा गार पडलाय... अगं, काम वाचलं ना! आता कसली भीती?"

"कामाची नाहीये..." मी म्हणाले. हात मात्र मी काढून घेतला नाही.