राब कुणी भाजला?

"इथे हॉल, इथे किचन, आणि इथे वहिनींची बाग," म्हणत एजंट हरेशकाका बुटाच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत होते. वडप्याच्या गोदामांशेजारची ही रस्त्यालगतची जागा त्यांनीच शोधली होती. मृणालीचे बाबा, केसरीनाथ, घर बांधून झाल्यासारखे मान डोलवत होते.

घर हवंच होतं. भिवंडीत त्यांच्या खोलीखालीच कापड विणायचे लूम चालायचे. त्या खडखडाटाने आईला कमी ऐकू यायला लागलं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, इथून हला. म्हणून बाबांनी स्वतःचे चारही लूम विकले होते. आज चार वाजता हरेशकाकांच्या ऑफिसात विसार दिला, की सौदा पक्का.

"भाविक, पाय बघ कसले काळे केलेस," रुचिका म्हणाली. ती शेजारची. भाविक म्हणजे मृणालीचा धाकटा भाऊ.

"राब भाजलाय इथे. पडघ्याला मामा करतो तसा. पालापाचोळा जाळून जमीन भाजायची, मग पावसात तिथेच भाताची रोपं."

मृणाली थबकली. "जमीन विकणारा माणूस यंदाच्या भाताची तयारी कशाला करेल?"

ती बाबांकडे धावली. "बाबा, राब..."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. जा, सावलीत खेळा."

"सावली कुठाय?" रुचिका पुटपुटली. खरंच कुठेच नव्हती.

बाबांच्या पिशवीतल्या सातबाऱ्याचा फोटो मृणालीकडे होता. गट नंबर चौसष्ट, मालक दामू. बाबा हरेशकाकांबरोबर त्यांच्या ऑफिसाकडे निघाले आणि तिघं तलाठी ऑफिसात गेली. कुलूप. फोनवर नकाशा उघडला, तर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. गोदामाच्या वॉचमनला विचारलं. "हमको क्या मालूम? हम तो कल ही ड्युटी पे आया."

"वैताग आहे सगळा," मृणाली दगडावर बसली. "तीन वाजले."

तेवढ्यात राब भाजलेल्या त्याच शेतात एक आजी पाला पसरताना दिसल्या.

"आजी, हे शेत कुणाचं?"

"माजं हाय. मी सीताबाई. राब काय भुतानं भाजला?"

"मग दामूंचं शेत?"

"त्या नाल्याच्या पल्याड. वाट न्हाय तिथं जायला. पावसात कमरेइतकं पानी."

"आमचे बाबा तुमच्या शेतात किचन बांधतायत," भाविक म्हणाला.

सीताबाईंनी कोयता कमरेला खोचला. "चला. मला बी बगू दे कसं बांदतो ते."

त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून रुचिका त्यांना धरून हळूहळू आली. मृणाली आणि भाविक पळत हरेशकाकांच्या ऑफिसात पोचली, तेव्हा बाबांच्या हातात पेन होतं.

"बाबा, ही ती जमीन नाही!"

"मृणाली, पुरे. हरेश आपल्या ओळखीचा आहे."

 मृणाली हरेशकाकांकडे वळली. "बरं काका, मग पावतीवर चारही बाजू लिहा ना. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला गोदाम. आज दाखवलंत तसं."

"गट नंबर आहे की. कशाला उगाच?"

"एक ओळ तर आहे," भाविक म्हणाला.

हरेशकाकांनी पाणी मागवलं. पाणी आलं, पिऊन झालं, तरी ओळ लिहिली नाही. बाबांनी पेनाला टोपण लावलं. "लिही की, हरेश."

"माज्या शेताचा सौदा कोन करतो इथं?" दारातून आवाज आला. पुढे फारसं बोलावं लागलं नाही.

"पोरांनी वाचवला तुला," सीताबाई बाबांना म्हणाल्या. "जमीन घेताना कागद वाचायचा आन् गावात इचारायचं. तू दोनी न्हाय केलंस."

संध्याकाळी सगळे परतले. घरी आई दारात उभी. खाली लूम धडधडत होते.

"झाली का जमीन?"

"नाही. फसणार होतो. पोरांनी शोधून काढलं."

"काय?"

"फसणार होतो! पोरं माझ्यापेक्षा हुशार निघाली!"

शेजारच्या तीन खोल्यांची दारं उघडली. आईने मृणालीला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाली, "पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं गं. पण असं त्यांच्या तोंडून परत कधी ऐकायला मिळणार?"