अक्षत भरण

मिरजेतल्या दंतद्रव्य प्रयोगशाळेत डॉ. वैजयंती केळुसकर आज पहिल्यांदाच माणसाच्या दातावर ‘अक्षत’ या आपल्या नव्या भरणाची चाचणी घेत होती. खुर्चीत तिचे वडीलच बसले होते. दाढ किडल्यावर त्यांनी आपणहून नाव दिलं होतं.

दंतवैद्य डॉ. फरहाद तांबोळींनी दाढ भरली आणि निळा प्रकाश दिला. या प्रकाशात घट्ट होताना नेहमीचं भरण आकसतं, दातापासून सुटतं आणि केसाहून बारीक फट पडते. तिथून कीड पुन्हा आत शिरते. या फटीपायी वैजयंतीची उमेदीची वर्षं गेली होती. ‘अक्षत’चे रेणू कड्यांसारखे होते, एकमेकांना जोडले जाताना कडी उघडून लांब व्हायची आणि आकसलेली जागा भरून निघायची.

“जिवंत दाढ कापून तर बघता येणार नाही,” तांबोळी म्हणाले. “सगळी भिस्त तुझ्या कंपकणांवर.”

“यंत्रातून लहर सोडली की भरणात मिसळलेले कंपकण थरथरतील. फट असेल तर थरथर तिथेच अडेल. नसेल तर दातातून जबड्याच्या हाडात उतरेल, आणि बाबांच्या कपाळावर चिकटवलेली चकती ती टिपेल.”

तिनं बटण दाबलं. पडद्यावरची रेघ सरसर चढली.

“फटच नाही!” तांबोळी ओरडले.

पण बाबा दचकून उठून बसले होते. “कोण गुणगुणतंय?”

दोघंही त्यांच्याकडे वळले. वैजयंती शाळेत असतानाच बाबांच्या कानातली इवली हाडं आखडली होती आणि त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. नस शाबूत होती. पण शस्त्रक्रियेला, डोक्याला यंत्र लावायला ते कधीच तयार झाले नाहीत. घरात सगळं बोलणं हातवाऱ्यांनी, नाहीतर लिहून चालायचं.

“कंप हाडातून थेट आतल्या कानात गेला,” तांबोळी हलकेच म्हणाले. “कानातल्या हाडांची गरजच लागली नाही त्याला. नेहमीच्या भरणात तो फटीशीच विरला असता.”

वैजयंतीनं लहर बंद करून यंत्राला माइक जोडला. मग ती त्यात बोलली.

“बाबा, दाढ दुखतेय का?”

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग तांबोळींच्या पाठीमागे. “या बाई कोण?”

ती माइक घेऊन त्यांच्यासमोर आली. “मी, बाबा. वैजू.”

ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

“माझ्याकडे तुझा चौथीतला आवाज होता गं,” ते म्हणाले. “बोलत राहा. याची सवय होऊ दे मला.”