अर्थिंगचं पाणी

आवाज म्हणाल तर साधाच होता. गिरणीच्या मागच्या भिंतीशी जमिनीतून वीतभर वर आलेला लोखंडी पाइप, त्याच्या तोंडात नरसाळं, आणि दिवेलागणीला परमेश्वरची आई त्यात तांब्याभर पाणी ओतायची. आतून आवाज यायचा... घुटुक, घुटुक. माणूस पाणी पितो ना, तसाच. परमेश्वर लहान होता तेव्हा तो आवाज आला की ताटावरून उठून आईला चिकटायचा.

हा परमेश्वर म्हणजे माझ्या साडूचा धाकटा भाऊ. टेंभुर्णीजवळ त्याचं घर, पिठाची गिरणी घराला लागूनच. त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो, तेव्हा पोरांनो, मध्ये बोलू नका.

तो पाइप म्हणजे गिरणीची अर्थिंग. मशीनच्या अंगात उतरलेली वीज त्यातून जमिनीत जाते. पाइपाभोवती खड्ड्यात मीठ आणि कोळसा घातलेला असतो. पण जमीन ओली पाहिजे, म्हणून उन्हाळ्यात तिला पाणी घालायचं. एका उन्हाळ्यात परमेश्वरच्या बापानं, राधाकिसननं, त्याचा कंटाळा केला. गिरणीवर भुजंग नावाचा गडी होता. त्यानं मशीनला हात लावला आणि चिकटला. सोडवला तेव्हा जिता होता. करंट लागलेल्याला मातीत पुरलं की वीज उतरते, असं आपल्याकडं म्हणतात. म्हणून त्याला अर्थिंगशेजारीच गळ्यापर्यंत पुरलं. "मालक, पाणी," एवढंच तो म्हणत होता. पाण्यानं करंट अंगभर फिरेल म्हणून राधाकिसननं कोणाला देऊ दिलं नाही. परमेश्वरची आई आसराबाई भरला तांब्या घेऊन उभी होती. तिलाही दंडाला धरून मागं ओढलं. अंधार पडता पडता भुजंग गेला.

दुसऱ्या दिवसापासून आसराबाई पाइपात पाणी घालू लागली. पुढं नवरा गेला, गिरणी बंद पडली, मीटर काढून नेलं. तरी पाऊस असो, थंडी असो, तिचा तांब्या चुकला नाही.

परवाच्या साली परमेश्वरनं गिरणीच्या जागी थंड पाण्याच्या जारचा धंदा टाकला. लग्नसराई होती. आखाजीला, पित्रांची घागर भरायच्या दिवशी, सुरू करायचं ठरलं. नवी अर्थिंग आली, पाणी न मागणारी. जुना पाइप गाडीच्या वाटेत येत होता. आखाजीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, त्यानं पाइपाला साखळी बांधून ट्रॅक्टरला अडकवली.

आसराबाई आडवी आली. मशीन गेलं, मीटर गेलं, आता कोणाला पाजून राह्यली म्हणून त्यानं तिची चेष्टा केली. त्याची बायको दैवशालाही हसली. म्हातारी एवढंच बोलली, "बाबा, पाणी बंद कर म्हण, करते. पण ते उपटू नको."

पाइप निघाला. इतकी वर्षं पाणी प्यालेला, आणि बुडापर्यंत कोरडा ठणठणीत. परमेश्वरनं भोकावर शहाबादी फरशी टाकली.

रात्री जेवणं झाली. त्याची सात वर्षांची रेणू त्याच्याजवळ निजली होती. डोळा लागतो न लागतो तोच उठून बसली. पाणी मागितलं. दिलं. पुन्हा मागितलं. तांब्या संपला. जारचं सील फोडलं. पोर पीत राहिली... पोट काही वर येईना. ओठ मात्र उलत चाललेले. जीभ पांढरी.

घाबरून दैवशालानं पेला काढून घेतला. रेणूनं बापाकडं पाहिलं.

"मालक, पाणी."

ती त्याला पप्पा म्हणायची. आणि भुजंगचं नाव त्या घरात कोणी तिच्यासमोर काढलेलं नव्हतं.

परमेश्वर मागं भोकाकडं धावला. फरशी बाजूला पडली होती. त्यानं जार उचलून भोकात रिकामा केला. दुसरा. तिसरा. उद्यासाठी भरलेले सगळे. भोक भरेना. आवाजही येईना. लहानपणी ज्या आवाजाला भ्यायचा, तो यावा म्हणून जमिनीला कान लावला.

काही नाही...

घरात पोरगी पाणी मागायची थांबली. ते जास्त वाईट होतं.

मागं आसराबाई उभी होती. "त्याची नळी तूच उपटली," ती म्हणाली. "आता तो खालून पिणार न्हाई."

ती आत गेली. रेणूला मांडीवर घेतलं. लेकराचा श्वास वाळल्या पानासारखा वाजत होता. म्हातारीनं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"भुजंगा, लेकरू सोड. तांब्या माझ्या हातात होता. मी हाय ना."



मग रेणूचं अंग सैल पडलं. ओठ ओले झाले. झोपली.

आसराबाई मात्र भिंतीला टेकून तशीच. डोळे उघडे. पापणी पडत नव्हती.

उजाडलं. रेणू उठली आणि पप्पा म्हणून गळ्यात पडली. परमेश्वरला रडू फुटलं. तेवढ्यात म्हातारी उठली. ती बसली होती तिथं फरशीवर मीठ फुटलं होतं. पांढरं. बसल्या माणसाएवढं. धुतलं तरी अजून फुटतं. मी हात लावून पाहिलंय.

परमेश्वरनं पेला भरून पुढं केला. "माय, पाणी घे."

तिचे ओठ चिरलेले होते. तिनं पेल्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं, गडी मालकाकडं पाहतो तसं... आई लेकाकडं तसं पाहत नाही.

पेला त्याच्या हातातच राहिला. ती त्याच्या बाजूनं निघाली, उंबरा ओलांडला, आणि रस्त्यानं चालत गेली.