उद्याचा फोटो

"निळे शर्ट काढा, पिवळे चढवा. चला, दुसरा दिवस उजाडला!" शिट्टीसरांनी फर्मावलं. मुलं बसच्या एका आडोशाला आणि मुली दुसऱ्या आडोशाला शर्ट बदलू लागल्या.

उजाडला वगैरे काही नव्हता. सहलीचा पहिलाच दिवस होता आणि दुपारची जेवणंही व्हायची होती. तळ्याकाठचा फोटो निळ्या शर्टांत काढून झाला होता. आता पिवळ्या शर्टांत दुसऱ्या दिवसाचा काढायचा, मग पांढऱ्यांत तिसऱ्याचा. एकदा फोटो उरकले की पुढचे दिवस पाय पसरायला मोकळे, असा शिट्टीसरांचा हिशेब होता. ते शाळेचे उपमुख्याध्यापक आणि या सहलीचे प्रमुख. अंगावर सदरा नसता तर एक वेळ चाललं असतं, पण गळ्यात शिट्टी नसली की त्यांना उघडं वाटायचं. "शिट्टी झाली की प्रश्न नाही," हा त्यांचा नियम. तो त्यांनी मुलांच्या, शिक्षकांच्या आणि बसच्या ड्रायव्हरच्याही अंगी इतका मुरवला होता, की शिट्टी वाजली की सगळे आधी बसमध्ये चढत आणि कुठे जायचंय ते मागाहून कळलं तर कळत असे.

सुई पिवळ्या शर्टाची बटणं लावत हे सगळं बघत होती. तिला सुई हे नाव तिच्या जिभेवरून पडलं होतं. वय तेरा, पण मोठ्या माणसांबद्दलचं तिचं मत कधीच पक्कं झालेलं. मोठी माणसं फक्त उंच असतात, याहून जास्त काही त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं तिला आजवर सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोंगरावरचा जुना टेहळणी बुरूज बघायचा होता. त्याच्या जागी शिट्टीसरांनी विश्रामगृहामागची पाण्याची टाकी निवडली. जमिनीवर जवळजवळ आडवं होऊन त्यांनी खालून फोटो घेतला. खालून घेतलं की टाकीचाही बुरूज होतो म्हणे. तिसऱ्या दिवसाचा काचेचा कारखाना तर त्यांना विश्रामगृहाच्या खिडकीतच सापडला.

तिन्ही फोटोंत 'शैक्षणिक सहल' लिहिलेल्या लांबलचक कापडी फलकाचा एक बांबू पाहुणेबाईंच्या हातात होता. बाई दूरदेशाहून वर्षभरासाठी, पगार न घेता, शिकवायला आल्या होत्या. फुकट राबणाऱ्या माणसाचा एखादा स्क्रू ढिला असणारच, असं शिक्षकांच्या खोलीत एकमतानं ठरलं होतं. भाषा त्या पुस्तकातून शिकलेल्या, म्हणून पाचवीतल्या पोरालाही 'आपण' म्हणायच्या. त्यांनी वर्गाला आरशानं खुणा करायला शिकवलं होतं. संथ चमक म्हणजे सगळं ठीक. घाईघाईनं तीनदा चमक म्हणजे मदतीला या. बुरुजावर त्या आधी जाऊन बसणार, मुलांनी खालून खुणा वाचायच्या, असा त्यांचा बेत होता.

फोटोंचं हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं तेव्हा शिट्टीसर म्हणाले होते, सराव आहे. बाईंना ते पटलं. सुईला त्यांची कीव आली. टाकी दिसतेय, खिडकी दिसतेय, आणि या बाई हसून बांबू धरून उभ्या!

संध्याकाळी बाईंनी तिला गाठून विचारलं, "उद्या सकाळी आपण सारे बुरुजाकडे येणार ना?"

"हो बाई. प्रोग्राममध्ये लिहिलंय ना," सुई म्हणाली आणि आपल्या आतेभावाकडे बघून डोळा मिचकावला. हा आतेभाऊ म्हणजे भोंगा. त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी होती आणि कानात कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीला कळायचं.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर शिट्टीसरांनी स्वाध्याय जाहीर केला. स्वाध्याय म्हणजे मुलांनी खोल्यांत गप्प बसायचं आणि मोठ्यांनी झोपायचं. सुई, भोंगा आणि आजोबा खिडकीशी बसले. आजोबा त्यांच्याच वर्गातला होता. उन्हातही मफलर गुंडाळायचा आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा, म्हणून आजोबा.

"अहो आजोबा, गोष्ट सांगा एखादी. कंटाळून जीव जाईल माझा," भोंगा म्हणाला.

आजोबानं घसा खाकरला आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरच्या डोंगरावर, बुरुजाच्या वरच्या झरोक्यात, काहीतरी लखलखलं. घाईघाईनं तीनदा. मग थांबलं, आणि पुन्हा तीनदा.

सुईला आपलेच शब्द आठवले. हो बाई, प्रोग्राममध्ये लिहिलंय ना. सगळ्या जगात एकच मोठं माणूस असं निघालं की ज्यानं लिहिलेलं खरं मानलं, आणि त्याला ते खरं आहे असं सांगणारी ती स्वतः होती.

तिघं पळत शिवणबाईंकडे गेली. शिवण शिकवणाऱ्या या बाई सहलीवरही लोकरीचा गोळा मांडीवर घेऊन बसायच्या आणि कुठलीही अडचण कानावर आली की "मला नका सांगू बाई" म्हणून टाके मोजायला लागायच्या. पाहुणेबाईंचं डोकं दुखतंय, त्या झोपल्यात, असं त्यांनी सांगितलं. कोण म्हणालं? शिट्टीसर म्हणाले. शिट्टीसरांना विचारलं तर ते म्हणाले, शिवणबाईंनी सांगितलं. दोघांनी एकमेकांच्या भरवशावर एका माणसाला झोपवून टाकलं होतं आणि त्या खोलीचं दार ढकलून बघायचे कष्ट कुणीच घेतले नव्हते. सुईनं ढकललं. पांघरुणाची घडी तशीच होती. पलंगाखालचे चढणीचे बूट गेलेले होते.

शिट्टीसरांनी डोळे बारीक करून डोंगराकडे पाहिलं. पत्र्याचा तुकडा असेल, म्हणाले. आजोबानं नम्रपणे विचारलं की पत्र्याचा तुकडा तीन मोजून थांबतो का. तेव्हा सरांचा चेहरा उतरला, पण घटकाभरच. त्यांनी मोबाइल काढून मुलांसमोर धरला. रोज एकेक फोटो पाठवायचा कंटाळा, म्हणून त्यांनी सकाळीच सगळे फोटो मुख्याध्यापकांना धाडून दिले होते. लबाडीसाठीसुद्धा या माणसाला अंग हलवायला नको, सुईच्या मनात आलं. दुसऱ्या फोटोत पाहुणेबाई टाकीखाली झकास हसत होत्या.

"आता मी मदत मागवली तर काय सांगू? बुरूज पाहून आलेल्या बाई पुन्हा बुरुजावर अडकल्या म्हणू? शोभेल का शाळेला?"

"आणि त्यांना काही झालं असेल तर?" सुई म्हणाली.

"मोठ्या आहेत त्या. परदेशी लोकांना चालायची हौस असते. येतील संध्याकाळपर्यंत."

शिट्टी खिळ्याला अडकवून, डोळ्यांवर टॉवेल टाकून ते आडवे झाले. थोड्याच वेळात घोरूही लागले.

बाहेर पश्चिमेकडून ढगांची एक राखाडी फळी वर सरकत होती. सूर्य झाकला गेला की आरशाची नुसती काच उरणार. झरोक्यातली चमक आताच फिकी पडली होती. तिघांनी पायी जायचा विचार केला. पण डोंगर दूर होता, आणि बाईंना उचलायची वेळ आली तर तिघांच्या हातांनी काय होणार? आजोबा म्हणाला, मोठी माणसं लागतील. सुई म्हणाली, मोठी माणसं आहेत की, पण ती हलवायची कशी? माणसं असती तर सांगून ऐकली असती.

 भोंगा त्या खिळ्याकडे बघत होता.

पुढचं सगळं पापणी लवायच्या आत झालं. भोंग्यानं शिट्टी काढली, व्हरांड्यात उभा राहिला आणि भाता भरून अशी फुंकली की टाकीवरची कबुतरं उडाली. खोल्यांची दारं धडाधड उघडली. मुलं पळत आली. शिवणबाई लोकरीसकट आल्या. ड्रायव्हरकाका तोंडातला घास गिळत आपल्या जागेवर बसले आणि त्यांनी इंजिन चालू केलं. सगळ्यांत शेवटी, एका पायात चप्पल आणि खांद्यावर टॉवेल अशा थाटात, खुद्द शिट्टीसर धावत आले. धडपडत बसमध्ये चढले आणि अर्धवट झोपेतच ओरडले, "सगळे आले ना?"

"आले सर," सुई म्हणाली. "काका, दुसऱ्या दिवसाचा प्रोग्राम. बुरूज."

काकांनी गाडी सोडली. फाटक मागे पडलं तेव्हा कुठे सरांना जाग आली. त्यांचा हात छातीवर गेला आणि तिथे काहीच सापडेना.

"थांबवा! कुणी वाजवली शिट्टी?"

भोंग्यानं पुन्हा वाजवली. सगळी बस एका सुरात म्हणाली, "शिट्टी झाली की प्रश्न नाही." वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं वाक्य होतं ते, कुठेही अडखळलं नाही. सर शिवणबाईंकडे वळले. बाई, माझ्या डोळ्यांना उन्हाचा त्रास होतो, तुम्हीच सांगून गाडी परत वळवा, असं काहीबाही ते बोलू लागले. शिवणबाईंचं लक्ष मात्र खिडकीबाहेर होतं. बुरुजात चमकलं, अगदी मिणमिणतं. त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"सर," त्या म्हणाल्या, "आता तुम्ही मला काही सांगू नका."

डोंगराच्या पायथ्याशी रस्ता संपला. लहान मुलांना ड्रायव्हरकाकांनी बसजवळच थांबवलं. बाकीचे चढले. बुरुजाच्या आत वर जायला लाकडी जिना होता. मधली एक फळी कुजून फुटली होती आणि तिच्या कडेला फाटलेल्या मोज्याचा धागा लोंबत होता. काकांनी प्रत्येक पायरी आधी दाबून पाहिली आणि सगळ्यांना भिंतीच्या कडेकडेनं वर घेतलं.

पाहुणेबाई झरोक्यापाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डावा पाय घोट्यापाशी भलताच फुगला होता आणि ओठ पांढरे पडले होते. सूर्य केव्हाच ढगांत गेला होता. तरीही त्यांचा हात राखाडी आभाळाकडे आरसा हलवत होता, घाईघाईनं तीनदा, मग पुन्हा तीनदा.

मुलांना पाहून हात थांबला.

"आपण उशिरा आलात," त्या म्हणाल्या. "कार्यक्रमात सकाळ लिहिली होती."

त्यात रागही नव्हता आणि टोमणाही नव्हता.  सुईनं खाली बसून बाईंच्या हातातला आरसा काढून घेतला. हात बर्फासारखा गार होता.

आजोबानं मफलर सोडून घोट्याभोवती गुंडाळला. काकांनी बाईंना पाठुंगळी घेऊन जिना उतरवला. भोंगा धावत जाऊन बसमधून तो फलक घेऊन आला. दोन्ही बाजूंना बांबू होतेच. शिवणबाईंनी अख्खा लोकरीचा गोळा उलगडून कापड बांबूंना पक्कं बांधलं आणि 'शैक्षणिक सहल' या अक्षरांवर पाहुणेबाईंना अलगद निजवलं. इतक्या वर्षांत त्या फलकाचा कुणाला पहिल्यांदाच उपयोग झाला असेल. पुढचा बांबू काकांनी धरला. मागचा कोण धरणार म्हणून शिट्टीसर इकडेतिकडे बघू लागले, तेव्हा भोंग्यानं शिट्टी ओठांना लावली. वाजवावी लागली नाही.

घोट्याचं हाड मोडलं होतं. गावातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई प्लास्टर घालत असतानाच, शिवणबाईंचा फोन मिळताच निघालेले मुख्याध्यापक गाडीनं येऊन पोचले. शिट्टीसर त्यांना दारातच गाठून सांगू लागले, की बुरूज उत्तम रीतीनं पाहून झाल्यावर, परतीच्या वाटेवर, केवळ दुर्दैवानं... मुख्याध्यापक गंभीरपणे मान हलवत होते. सुई त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"सर, कारखान्याचा फोटो दाखवता? पांढऱ्या शर्टांतला?"

मुख्याध्यापकांनी मोबाइल काढला. फोटोत पाहुणेबाई खिडकीसमोर दोन्ही पायांवर ठणठणीत उभ्या होत्या.

"हा कधीचा सर?"

"हा? तिसऱ्या दिवसाचा," ते खालची ओळ वाचत म्हणाले. "म्हणजे... उद्याचा."

 डॉक्टरीणबाईंनी प्लास्टरनं माखलेले हात तसेच वर धरून मोबाइलमध्ये डोकावलं, मग पलंगावरच्या पायाकडे पाहिलं आणि मान वळवून खोकला काढला. सुईचं लक्ष फोटोखाली होतं. तिथे मुख्याध्यापकांनी सकाळीच पाठवलेला अंगठा होता. छान, पाहिलं, असा. उद्याचा फोटो आज आलाय हे त्यांना दिवसभरात खटकलं नव्हतं. तिनं त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मुख्याध्यापकांनी मोबाइल खिशात घातला.

शिट्टीसरांना त्यांनी आपल्या गाडीतून त्याच संध्याकाळी परत न्यायचं ठरवलं. उरलेली सहल शिवणबाईंच्या हाती आली. त्यांनी भोंग्याकडून शिट्टी मागून घेतली आणि पर्समध्ये अगदी तळाशी टाकली. मग मुख्याध्यापकांनी मुलांचं कौतुक केलं. ते बराच वेळ चाललं. प्रसंगावधान, धाडस, शाळेचं नाव, सगळं त्यात आलं. आपण शाळेला कायम असेच सजग विद्यार्थी घडवायला सांगत आलो आहोत, हेही आलं. शेवटी ते म्हणाले, या शूर मुलांचा बाईंसोबत एक फोटो व्हायलाच हवा. मग त्यांची नजर मुलांच्या चिखलानं भरलेल्या पिवळ्या शर्टांवर गेली आणि ते जरा घुटमळले.

"काढू या की सर," सुई म्हणाली. "कुठल्या दिवसाचा शर्ट घालू?"

या वेळी डॉक्टरीणबाईंना खोकला काढून भागलं नाही. त्या खो खो हसल्या. मुख्याध्यापकांना एकाएकी गाडीत काहीतरी विसरल्याचं आठवलं.

पाहुणेबाईंना विनोद कळला नसावा. त्यांनी उशीवरून मान वळवून सुईला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "उद्या आपण सारे काचेच्या कारखान्यात जाणार ना? मला चाकांची खुर्ची मिळेल, असं या डॉक्टरबाई म्हणतात."

भोंगा सुईकडे बघत होता, पण तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हो बाई," ती म्हणाली. "प्रोग्राममध्ये लिहिलंय ना."